मांजराची दृष्टी गेल्यावर
वृद्ध मांजर एकाएकी भिंतीला धडकू लागले आणि भर उजेडातही त्याच्या बाहुल्या विस्फारलेल्याच राहिल्या, तर वार्धक्याच्या सबबीवर स्वस्थ न बसता त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. कारण मूत्रपिंडाच्या किंवा थायरॉईड ग्रंथीच्या विकाराने रक्तदाब १६० च्या वर चढत राहिला की दृष्टिपटल सुटण्याचे भय असते, आणि अम्लोडिपिनसारखे औषध तत्काळ मिळाल्यास दृष्टी क्वचित परततेही. ती न परतली तरी ६० हजार हर्ट्झच्याही पलीकडचे ऐकणारे कान व झुळूक टिपणाऱ्या मिशा शाबूत असतात. ताटली, पाणी, वाळूचे घमेले यांची जागा तसूभरही हलवू नये (दिवाणखाना वरचेवर नव्याने मांडणाऱ्यांनी ही हौस तहकूब ठेवावी). मांजराला उचललेच, तर घमेल्यापाशी खाली ठेवावे, म्हणजे त्याला ठिकाण उमगते. स्पर्शापूर्वी हाक मारावी, आणि जाळी बसविल्यावाचून गॅलरीचे दार उघडे टाकू नये.