दादांची चप्पल

गेल्या वर्षी श्रावणात आमचे दादा मंडईतून घरी आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी कुठे निसटली याचा त्यांना पत्ताच नव्हता. वहिनी हसल्या, मुले हसली, मीही हसलो. विसरभोळेपणाचा मान आमच्या घरात आजवर माझ्याकडे होता, कारण मी मराठीचा प्राध्यापक! पण हा विसरभोळेपणा नव्हता. वीस वर्षांच्या मधुमेहाने दादांचे तळपाय बधिर करून टाकले होते. चप्पल गेली हे पायाला कळलेच नाही.

पुढे महिन्याभराने दादांना जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा ही हकिगत डॉक्टरांपुढे निघाली. छातीत दुखते का, या प्रश्नाला दादांचे उत्तर ठाम 'नाही' असे होते. डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "पायाच्या मज्जातंतूंचे जे झाले, तेच हृदयाकडच्या मज्जातंतूंचेही झाले असेल. यांची धाप हीच कळ समजा."

विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्याने १७७२ साली हृदयशूलाचे वर्णन छापले. चालताना छाती आवळून यावी आणि थांबताच मोकळे वाटावे, असा तो विकार. आजही डॉक्टर तेच विचारतात. पण मधुमेही माणसाच्या दारचा हा पहारेकरी पुष्कळदा झोपलेला असतो. म्हणून मग हृदयावर ताण आणून त्याची छायाचित्रे घ्यायची.

या तपासणीतला सर्वांत कठीण भाग कोणता असेल, तर चहा! आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद. दादांच्या पायाला जखम असल्याने त्यांना चालत्या पट्ट्यावर चालवणे शक्य नव्हते. त्याऐवजी शिरेतून अ‍ॅडिनोसिन नावाचे औषध देऊन हृदयाच्या रोहिण्या रुंदावायच्या होत्या, आणि चहातले कॅफीन नेमका त्याच औषधाचा परिणाम मारते. दादांनी पहाटेपासून तोंड एवढेसे केले होते. औषध सुरू होताच चेहरा लाल झाला, छाती जड झाली. पण थेंब थांबवताच काही क्षणांत सारे निवळले. हे औषध रक्तात दहा सेकंदांत निम्म्याहून कमी होते.

त्याच वेळी टेक्नेशियम या किरणोत्सर्गी द्रव्याची अल्पशी मात्रा टोचतात. त्याचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो. जिथे रक्त पोचते तिथे हे द्रव्य पोचते, आणि छातीभोवती फिरणारा कॅमेरा त्याचे चित्र घेतो. ताणाचे एक चित्र आणि विश्रांतीचे एक, अशी दोन शेजारी ठेवतात. ताणाच्या चित्रात डाग दिसला आणि विश्रांतीत तो भरून निघाला, तर स्नायू जिवंत आहे पण उपाशी आहे. दोन्हीकडे डाग तसाच राहिला, तर बहुधा तिथे जुना व्रण आहे.

दादांच्या हृदयाच्या खालच्या बाजूला डाग होता आणि विश्रांतीत तो बराचसा भरून आला. "किती दिवस आहेत माझे?" दादांनी सरळच विचारले. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

डॉक्टर म्हणाले, "मी ज्योतिषी नाही. उपाशी भाग केवढा आहे आणि हृदय रक्त किती जोराने ढकलते, यावरून धोक्याचा अंदाज बांधता येतो. तोही तुमच्यासारख्या पुष्कळ माणसांचा मिळून, तुमच्या एकट्याचा नव्हे." दहा टक्क्यांहून जास्त स्नायू उपाशी असेल तर धोका मोठा धरतात, दादांचा त्याच्या आत होता. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती लक्षात ठेवण्याजोगी. चित्र अगदी निर्दोष आले तरी मधुमेह्याला इतरांइतके निर्धास्त राहता येत नाही; त्या निर्वाळ्याची मुदत लवकर संपते.

पुतण्याचा हट्ट होता की उद्याच्या उद्या फुगा घालून रोहिणी मोकळी करा. डॉक्टरांनी सी.टी. काढून डाव्या मुख्य रोहिणीत अडथळा नसल्याची खात्री केली आणि मग त्याला समजावले. मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही असलेल्या २,३६८ रुग्णांची 'बारी-२डी' ही पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत पाच वर्षांनी, रक्तवाहिन्या लगेच मोकळ्या केलेल्यांपैकी ८८.३ टक्के आणि आधी केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी ८७.८ टक्के जिवंत होते. २०२० च्या 'इस्केमिया' पाहणीत भारतातलेही रुग्ण होते. तिथेही मृत्यू वा झटका टाळण्यात फारसा फरक पडला नाही. छातीत कळ येणाऱ्यांना मात्र शस्त्रोपचाराने आराम अधिक पडला. अनेक रोहिण्या तुंबल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. तिथे मधुमेह्याला फुग्यापेक्षा बायपास सरस, हे २०१२ मध्ये 'फ्रीडम' पाहणीने दाखवले. पुतण्या गप्प बसला. मला वाटते, काहीतरी 'करून टाकले' म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे आपल्याला वाटते. रोज गोळ्या मोजणे त्याहून जड.

घाबरून मीही म्हणालो, "मग माझेही चित्र काढा." मला गेल्याच वर्षी मधुमेह निघाला, तक्रार काही नाही. डॉक्टरांनी नकार दिला. काहीच त्रास नसलेल्या ११२३ मधुमेह्यांच्या 'डायड' पाहणीत अशी सरसकट तपासणी झालेल्यांत १५ आणि न झालेल्यांत १७ जणांना झटका वा हृदयविकाराने मृत्यू आला. फरक नाही म्हणावा इतका थोडा. मला त्यांनी रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि पोट यांच्याकडे पाहायला सांगितले. शेवटच्या शब्दावर वहिनी पहिल्यांदाच हसल्या.

दादांच्या गोळ्या आता चार झाल्या आहेत, चहा बिनसाखरेचा झाला आहे. धाप कमी आहे. संध्याकाळी ते फिरायला जातात तेव्हा मागच्या पट्ट्याच्या सँडल घालतात, आणि परत आले की वहिनी आधी त्यांचे तळपाय पाहतात, मग दार लावतात.