कोयता वाशीचा, भाव लंडनचा

धाराशिव : दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच वाशी, भूम, कळंब, परंडा या तालुक्यांतील अनेक वाड्या-तांडे रिकामे होऊ लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पीठमीठ आणि लेकरे घेऊन ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या वाटेला लागतात. या कुटुंबांनी तोडलेल्या उसाच्या साखरेचा जागतिक भाव न्यूयॉर्क आणि लंडनच्या वायदेबाजारात ठरतो. कच्च्या साखरेचा व्यवहार न्यूयॉर्कला चालतो, पांढऱ्या साखरेचा लंडनला. त्या बाजारातील चढउतारांचा फडातील स्त्रीच्या मजुरीशी काय संबंध, हे समजून घेण्यासाठी आधी 'कोयता' म्हणजे काय ते पाहावे लागेल.

दोन माणसे, एक कोयता

ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामापूर्वी मुकादम उचल देतो, ती बहुधा नवऱ्याच्या नावावर लिहिली जाते आणि पुढे तोडलेल्या टनांतून फेडायची असते. पहाटे चूल पेटवण्यापासून मोळ्या बांधून डोक्यावरून वाहनापर्यंत नेण्यापर्यंत निम्म्याहून अधिक भार स्त्री उचलते. हिशेबाच्या वहीत मात्र तिचे स्वतंत्र नाव नसते.

तोडणीचा दर साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या करारातून काही वर्षांसाठी ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि टनामागे २७३ रुपयांच्या आसपास असलेला दर सुमारे ३६६ रुपयांवर गेला. एका कोयत्याने दिवसभरात दोन टन ऊस तोडला असे धरले, तर दोघांची मिळून कमाई सुमारे ७३२ रुपये होते. तीही आधी उचलीत वळती होते.

निर्यातीचा लाभ कुठे जातो?

२०२१-२२ च्या हंगामात भारतातून सुमारे ११० लाख टन साखर निर्यात झाली. त्याच हंगामात महाराष्ट्राने सुमारे १३७ लाख टन उत्पादन करून उत्तर प्रदेशाला मागे टाकले. तेव्हा गाळप जूनपर्यंत लांबले आणि उन्हाच्या कडाक्यातही तोड सुरू राहिली. दर करारात बांधलेला असल्याने निर्यातीचा वाढीव भाव मजुरापर्यंत पोहोचला नाही. त्याच्या वाट्याला आले ते वाढीव दिवस.

जून २०२२ पासून केंद्राने देशांतर्गत भाव आवरण्यासाठी साखर निर्यातीवर निर्बंध आणले. त्यापूर्वी, डिसेंबर २०२१ मध्ये, ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाच्या तक्रारीवरून जागतिक व्यापार संघटनेच्या निवाडा मंडळाने भारताच्या साखर अनुदानांविरुद्ध कौल दिला होता. भारताने त्यावर अपील केले. ही सारी चर्चा शेतकऱ्याचा उसाचा दर आणि कारखान्याचा ताळेबंद यांभोवती फिरते. त्या पटावर तोडणाऱ्या स्त्रीला जागाच नाही. कारखान्यांची मिळकत घटली की तोडणीचा खर्च कमी करण्याची निकड वाढते आणि ऊसतोडणी यंत्राकडे कल वळतो. यंत्र आले की त्यावर चालक पुरुष बसतो, बाईचे काम मात्र संपते.

शरीराने चुकवलेली किंमत

आजारपणामुळे खाडा पडला तर मजुरी बुडते आणि वर दंडही कापला जातो. मासिक पाळी, बाळंतपण यांनाही सवलत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने केलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी साडेतेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हा प्रश्न शीतपेयांच्या बहुराष्ट्रीय कंपन्यांना होणाऱ्या साखर पुरवठ्याशी जोडला. दूरच्या ग्राहकाच्या प्रश्नांनी कारखान्याची झोप उडू शकते, हे त्यातून दिसले. पण तपासणीचा कागद फडापर्यंत आला तरच त्याचा उपयोग.

गावी राहिलेल्यांचे काय?

जिल्ह्याचे दुसरे मोठे पीक सोयाबीन. त्याचा भाव आयात खाद्यतेलाशी बांधलेला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरील एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेले. मे २०२५ अखेर ते १६.५ टक्क्यांवर उतरवले. शुल्क उतरले की बाहेरचे तेल स्वस्त पडते आणि बाजार समितीतील सोयाबीनच्या भावावर दाब येतो. अशा वेळी शेतकरी पहिली काटकसर खुरपणीत करतो. खुरपणी हे बायकांचे काम, तर तणनाशकाची फवारणी पुरुषांचे. परिणामी तेलाच्या एका अधिसूचनेने खुरपे धरणाऱ्या हाताचा रोजगार हळूहळू आटतो.

पुढची वाट

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले, मजुरांची नोंदणीही सुरू झाली. तरीही कोयत्यातील स्त्रीची स्वतंत्र नोंद, तिच्या खात्यावर तिचा वाटा आणि भरपगारी रजा या गोष्टी करारात आल्याशिवाय चित्र पालटणार नाही. स्त्री-पुरुषांना समान कामास समान वेतन देण्याचा कायदा १९७६ सालीच झाला होता. मात्र मजुरी जोडप्याच्या नावे निघत असेल, तर समानता मोजायची तरी कशी?

जिल्ह्यातच एक वेगळा प्रयोगही रुजला आहे. १९९३ च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून उभ्या राहिलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने स्त्रियांना घरच्या जमिनीतील एक एकर स्वतःच्या निर्णयाने कसण्यास प्रवृत्त केले. तेथे त्या डाळी, भाजीपाला, धान्य अशी मिश्र पिके घेतात. आधी घरची चूल, मग बाजार. या कामास २०१६ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. भूमिहीन ऊसतोड बाईला हा मार्ग अपुरा आहे, हे खरे. तिच्यासाठी हिशेबाच्या वहीत तिचे नाव लिहिले जाणे, हीच पहिली पायरी ठरेल.