अर्धांगवायूनंतर हाताची हालचाल आणि यंत्रमानव : खरे किती, ऐकीव किती?



या सदरात आपण नेहमी लागण, खोडवा, बेणे आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. आजचा विषय निराळा आहे, पण तोही आपल्याच शिवारातला. गेल्या हंगामात लागणीच्या नोंदी घेत फिरत असताना एका जुन्या सभासदांच्या वस्तीवर गेलो. दादा ओट्यावर बसले होते, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. दोन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आलेला. त्यांचा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, शहरात रोबोट आलाय म्हणत्यात. त्यात हात अडकवला की हात परत येतो. ओढ्याकडचं तीस गुंठं काढू का?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. मी शेतकीचा पदविकाधारक, डॉक्टर नव्हे. मग जाणत्या डॉक्टरांना विचारले, मिळाले तेवढे वाचले. ते येथे मांडतो, कारण हाच प्रश्न उद्या कोणाच्याही घरी उभा राहू शकतो.

हात का लुळा पडतो?

हाताला काहीच झालेले नसते, बिघाड मेंदूत असतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा ती वाहिनी फुटते, आणि त्या भागाचे रक्त तुटते. पाट फुटला की खालची सरी वाळते, तसाच प्रकार. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, म्हणून डावीकडे बिघाड झाला की उजवा हात जातो.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मात्र शेजारच्या जिवंत पेशी ते काम थोडेफार शिकू शकतात. मुख्य दांड बुजला तर पाणी बाजूने वाट काढते, पण ती वाट एका पाळीत पडत नाही. पुन्हा पुन्हा पाणी सोडावे लागते. मेंदूचेही तसेच. तीच हालचाल शेकडो, हजारो वेळा करण्याचा प्रयत्न व्हावा लागतो, तोही रुग्णाने स्वतः मन लावून.

अडचण इथेच येते. अमेरिका व कॅनडातील ७ ठिकाणच्या ३१२ व्यायाम-बैठकांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. हाताच्या कामाच्या हालचाली जेथे करून घेतल्या, तेथे एका बैठकीत त्या सरासरी अवघ्या ३२ भरल्या. व्यायाम करून घेणारा माणूसही थकतो, त्याला पुढचा रुग्ण असतो. यंत्र थकत नाही.

यंत्र काय करते?

रोबोट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला लोखंडी माणूस येतो. हे तसे नाही. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी १९८९ पासून या यंत्रावर काम सुरू केले. त्याचे नाव 'एम.आय.टी.-मॅनस'. १९९४ पासून न्यूयॉर्क राज्यातील बर्क रुग्णालयात त्याचा रुग्णांवर वापर सुरू झाला.

रुग्ण टेबलापाशी बसतो. त्याचा हात पट्ट्यांनी यंत्राच्या दांड्याला बांधतात. समोरच्या पडद्यावर मधोमध एक ठिपका आणि भोवती आठ ठिपके असतात. जो ठिपका पेटेल तिकडे हात न्यायचा.

आता बघा, नवा खोंड औताला शिकवताना आपण त्याला मुरलेल्या बैलाच्या जोडीला जुंपतो. खोंड थबकला तर जुना बैल ओढून नेतो. खोंड स्वतः ओढू लागला की जुन्यावरचा भार हलका होतो. खोंड आडवा गेला तर जू त्याला वळणावर आणते. हे यंत्र नेमके असेच वागते. हात हलला नाही तर हळूच नेते, हलला तर सैल सोडते, वाट चुकला तर सरळ करते. अशा तासाभराच्या बैठकीत हजाराच्या आसपास हालचाली होतात.

गुण किती येतो?

बेण्याची नवी जात आपण शेजारी जुनी जात लावून तोलतो. इथेही तशाच चाचण्या झाल्या आहेत.

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत १२७ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१० साली प्रसिद्ध झाला. झटका येऊन किमान सहा महिने झालेले हे रुग्ण. काहींना १२ आठवड्यांत यंत्रावर ३६ बैठका, काहींना माणसाकडून तितकाच कसून व्यायाम, काहींना नेहमीचे उपचार. १२ आठवड्यांनी यंत्रवाले नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा ठळकपणे पुढे नव्हते. ३६ आठवड्यांनी पुढे दिसले, पण ६६ गुणांच्या मोजणीत जेमतेम तीन गुणांनी. आणि माणसाकडून कसून व्यायाम घेतलेल्यांपेक्षा ते सरस ठरले नाहीत.

त्याहून मोठी चाचणी ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झाली, तिचा निकाल २०१९ साली आला. यंत्रामुळे हाताची हालचाल थोडी सुधारली, परंतु घास घेणे, कपडे घालणे अशा रोजच्या कामांत नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक पडला नाही. ज्यांच्याकडून माणसाने रोजच्या कामांचाच जादा सराव करून घेतला, ते रोजच्या कामांत यंत्रवाल्यांपेक्षा बरे निघाले. कारण उघड आहे. ठिपक्याकडे हात नेण्याचा सराव केला तर ठिपक्याकडे हात जातो, तांब्या उचलायचा असेल तर तांब्याच उचलायला शिकावे लागते.

म्हणजे यंत्र फसवे आहे का? तसे मुळीच नाही. हात अगदीच हलत नाही अशा रुग्णाला सराव सुरू करून देण्यास ते उपयोगी पडते, आणि त्याचा कंटाळाही कमी येतो. आपल्या देशातही वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज व मद्रासची आय.आय.टी. यांनी मनगट व बोटांच्या सरावासाठी 'प्लुटो' नावाचे टेबलावर मावणारे यंत्र बनवले आहे. जवळच्या दवाखान्यात अशी सोय परवडणाऱ्या दरात असेल तर जरूर घ्यावी. पण गुण सरावाचा आहे, लोखंडाचा नव्हे.

घरी काय करावे?

१) पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. हे दिवस मालिश आणि कबुतराच्या रक्तात घालवू नका. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या आणि रोज, मोजून करा.

२) रुग्णाला उठवताना लुळा हात धरून ओढू नका. खांदा निखळतो, मग दुखण्याने व्यायामच बंद पडतो.

३) चांगल्या हातानेच सगळे करण्याची सवय लागली की लुळा हात आणखी विसरतो. मनगट व बोटे थोडी उघडत असतील तर चांगल्या हाताला मोजा घालून लुळ्या हाताकडून काम करून घेण्याची पद्धत आहे. अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तिचा फायदा २००६ साली दिसून आला. मात्र हे डॉक्टरांना विचारूनच करावे.

४) भांडे धरणे, गुंडी लावणे, शेंगा निवडणे असा कामाचाच सराव द्यावा.

आणि मुख्य म्हणजे पहिला तास ओळखा. तोंड एकीकडे वाकडे झाले, एक हात खाली पडू लागला, बोबडी वळली, तर तत्काळ १०८ ला फोन करा आणि मेंदूचा सी.टी. स्कॅन होईल अशाच दवाखान्यात न्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तोंडाने पाणी, गोळी काही देऊ नका. रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजा आणि चालू असलेली गोळी बरे वाटते म्हणून बंद करू नका. तंबाखू सोडा. हात वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय हाच.

त्या मुलाला मी पुन्हा जाऊन एवढेच सांगितले, "जमीन काढू नकोस. रोजचा एक तास काढ." आता सकाळी दूध घालून आला की तो दादांसमोर पितळी तांब्या ठेवून बसतो. परवा गेलो तेव्हा दादांनी तांब्याभोवती बोटे वळवली. तांब्या उचलला नाही अजून. पण बोटे वळली.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग