ओव्हरक्लॉकिंग : वेगाआधी उष्णतेचा हिशेब

प्रोसेसरच्या खोक्यावर छापलेला वेग ही त्याची कमाल मर्यादा असते, असा बहुतेकांचा समज असतो. वास्तविक त्या वेगाने प्रोसेसर बिनचूक चालेल, अशी ती उत्पादकाची हमी असते. ही हमी देताना राखून ठेवलेला वाव वापरून प्रोसेसर अधिक वेगाने चालवणे म्हणजेच 'ओव्हरक्लॉकिंग'. १९९८ मध्ये इंटेलचा 'सेलेरॉन ३००ए' हा स्वस्त प्रोसेसर याच कारणाने गाजला. बसची गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली, की ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर अनेकदा ४५० मेगाहर्ट्झने धावू लागे.

आजचे प्रोसेसर तापमान आणि वीज यांचा अंदाज घेत आपला वेग आपणच वाढवतात. त्यामुळे शिल्लक राहणारा वाव थोडा असतो आणि तो मिळवताना उष्णतेचा हिशेब चुकला, तर लाभापेक्षा हानीच अधिक होते.

गुणाकाराचे गणित

प्रोसेसरचा वेग हा मूळ गती आणि गुणक, म्हणजे मल्टिप्लायर, यांचा गुणाकार असतो. मूळ गती १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ४५ असेल, तर वेग ४.५ गिगाहर्ट्झ. नवख्याने मूळ गतीला हात न लावता बायोसमध्ये जाऊन केवळ गुणक बदलावा. मात्र ही मुभा सर्वत्र नसते. इंटेलमध्ये सामान्यतः नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि 'झेड' मालिकेचा चिपसेट असलेला मदरबोर्ड लागतो. एएमडीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरचा गुणक खुला असतो. पण 'ए३२०', 'ए५२०' यांसारख्या चिपसेटवर तो वाढवता येत नाही.

व्होल्टेजची किंमत

वाढीव वेग स्थिर राहावा म्हणून व्होल्टेज वाढवावे लागते आणि खरी मेख तेथेच आहे. प्रोसेसरच्या कामात खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. समजा, वेग ४ वरून ४.४ गिगाहर्ट्झ केला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२ वरून १.३ वर न्यावे लागले. वेग वाढला १० टक्के. विजेचा खर्च, आणि म्हणून उष्णताही, सुमारे २९ टक्क्यांनी वाढली.

ही उष्णता हीटसिंक आणि पंखा खोलीतील हवेत सोडतात. त्यामुळे खोली २० अंशांनी तापली, तर प्रोसेसरचे तापमानही जवळपास तेवढेच चढते. जानेवारीत सुरळीत चाललेला संगणक विदर्भातील मे महिन्यात अडखळतो, तो यामुळेच. अनेक इंटेल प्रोसेसरची तापमर्यादा १०० अंश सेल्सिअस, तर रायझन ७००० मालिकेची ९५ अंश आहे. ती गाठताच प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे कमावलेले हातचे जाते. दीर्घकाळ ताण दिल्यावरही तापमान ८५ अंशांच्या आत राहील, असे उद्दिष्ट नवख्याने ठेवावे.

क्रमाने पुढे जावे

प्रथम महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप घ्यावा. अस्थिर संगणक फायली बिघडवू शकतो. कॅबिनेटमधील धूळ काढावी आणि जुनी थर्मल पेस्ट वाळली असल्यास नवी लावावी. मग कोणताही बदल न करता 'एचडब्ल्यूइन्फो'सारख्या प्रणालीने तापमान नोंदवावे. मूळ वेगालाच ते ९० अंशांकडे झुकत असेल, तर आधी कूलर बदलावा.

त्यानंतर गुणक एकेका अंकाने वाढवावा आणि प्रत्येक वेळी 'सिनेबेंच' किंवा 'प्राइम९५' चालवून अर्धा तास निरीक्षण करावे. संगणक बंद पडला किंवा चूक दाखवू लागला, तर एक पाऊल मागे यावे. अंतिम वेग ठरल्यावर हीच चाचणी काही तास घ्यावी. व्होल्टेजला शक्यतो हात लावू नये. लावायचाच झाला, तर अगदी शेवटी आणि अल्प प्रमाणात. संगणक सुरूच होईनासा झाला, तर मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे सीमॉस क्लिअर करून मूळ मांडणी परत आणता येते.

व्होल्टेजने झालेली इजा मात्र अशी पुसता येत नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अवाजवी व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. कंपनीने सुधारित मायक्रोकोड दिला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. परंतु आधीच बिघडलेले प्रोसेसर त्या मायक्रोकोडने दुरुस्त होणार नव्हते. शिवाय ओव्हरक्लॉकिंगमुळे वॉरंटीवर पाणी सोडावे लागू शकते, त्यामुळे अटी आधीच वाचाव्यात.

कार्यालयीन कामे आणि इंटरनेट यांसाठी या खटाटोपाची गरज नाही. अशांना उलट मार्ग अधिक उपयुक्त ठरतो : वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडे थोडे कमी करणे, म्हणजे 'अंडरव्होल्टिंग'. स्थिरतेची चाचणी येथेही आवश्यकच. पण ती पार पडली, तर प्रोसेसर थंड राहतो, पंख्याचा आवाज घटतो आणि वीजही वाचते.