खिशातल्या चाकूचे पोलाद

साहित्याच्या व्याख्यानमालेत चाकूचा विषय पाहून आपल्याला नवल वाटेल. पण रोज हाताळायच्या वस्तूची माहिती आपण क्वचितच करून घेतो, आणि त्याची किंमत मी एकदा मोजली आहे.

माझ्या वडिलांचा घडीचा चाकू साध्या कार्बन पोलादाचा होता. पाते काळपट, पण धार वस्तऱ्यासारखी. त्यांच्या पश्चात तो माझ्याकडे आला. दवाखान्यात औषधांच्या खोक्यांची सुतळी कापणे आणि दुपारी एखादा पेरू चिरणे, एवढेच त्याला काम. धार गेली तेव्हा मी तो दारावर आलेल्या धारवाल्याला दिला. चाकावर ठिणग्या उडाल्या आणि पात्याच्या कडेला निळी झाक आली. मला ती शोभेची वाटली. त्यानंतर त्या चाकूला धार म्हणून टिकेना.

असे का झाले? पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. लालभडक तापवलेले पाते तेलात बुडवले की कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात चिवटपणा आणतात. पोलादाला पाणी देणे म्हणतात ते हेच. पात्यावर निळा रंग येतो तो ३०० अंशांच्या आसपास. म्हणजे त्या चाकाने माझ्या चाकूचे पाणीच उतरवले होते. तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात ठेवा : पोलादाचे नाव ही निम्मी माहिती, पाणी कसे दिले ही उरलेली निम्मी.

आता निवडीकडे वळू. पात्याकडून आपण तीन गोष्टी मागतो. धार टिकावी, टवका उडू नये आणि गंज चढू नये. तिन्ही एकाच पोलादात भरपूर मिळत नाहीत. कठीणपणा रॉकवेल मापात मोजतात आणि खिशातले चाकू बहुधा ५५ ते ६२ या आकड्यांत बसतात. आकडा वाढला की धार टिकते, पण चिवटपणा सहसा कमी होतो.

पहिले कूळ कार्बन पोलादाचे. फ्रान्सच्या सव्वा प्रांतात १८९० पासून बनणाऱ्या ओपिनेल चाकूंत ०.९ टक्के कार्बनचे पाते आजही मिळते. धार झटकन लागते आणि छान लागते. मात्र कैरी किंवा लिंबू कापले की आपल्या घरच्या लोखंडी विळीसारखे ते काळे पडते, आणि ओले ठेवले तर गंजते.

दुसरे कूळ स्टेनलेसचे. १९१३ मध्ये शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी बंदुकीच्या नळ्यांची झीज थांबवण्याचा उपाय शोधताना सुमारे १३ टक्के क्रोमियमचे, न गंजणारे पोलाद ओतले. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स चाकूचे पाते याच कुळातले, कठीणपणा ५६ च्या आसपास. धार तुलनेने लवकर जाते, पण साध्या दगडावर पाच-दहा मिनिटांत परत येते.

तिसरे कूळ भुकटीपासून घडवलेल्या महाग पोलादांचे. एस३०व्ही या पोलादात १.४५ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. धार फार दिवस टिकते. पण त्यातले व्हॅनेडियमचे कण नेहमीच्या धारेच्या दगडापेक्षाही कठीण असल्याने हिऱ्याची पट्टी लागते. ती घरात नसेल तर हा चाकू बोथट होऊन कपाटात पडतो.

यांच्या अधेमधे डी२ आहे. त्यात १२ टक्के क्रोमियम असूनही ते गंजते. दीड टक्का कार्बन त्यातले बरेचसे क्रोमियम स्वतःशी बांधून ठेवतो आणि गंज अडवायला थोडेच उरते. म्हणून नुसता क्रोमियमचा आकडा पाहून भुलू नका. दुकानदार फक्त ‘स्टेनलेस’ म्हणाला तर तेही पुरेसे नाही. आपला जेवणाचा चमचाही स्टेनलेसच असतो, पण त्या जातीला पाणी देता येत नाही.

रोगाचे नाव एकच असले तरी प्रकृती पाहून औषध द्यायचे, ही आमच्या शास्त्राची रीत. इथेही तसेच. राहता कुठे, कापता काय आणि धार कोण लावणार, हे तीन प्रश्न स्वतःला विचारा. गोव्याची खारी हवा किंवा बेळगावचा पाऊस असेल तर स्टेनलेसच बरे. इंदूर-ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत, पाते पुसून तेलाचे बोट फिरवण्याची सवय असेल तर कार्बन पोलाद जरूर घ्या. डब्याची झाकणे उचकटायची खोड असेल तर फार कठीण पाते घेऊ नका. खरे तर ती खोडच सोडा. आणि यातले काही ठरत नसेल तर साधे स्टेनलेस घ्या. जी धार आपली आपल्याला लावता येते, तीच रोज उपयोगी पडते.

वडिलांचा चाकू मी टाकला नाही. ओल्या दगडावर रोज थोडा थोडा हाताने घासला. जळलेली कड झिजून गेली आणि खालचे चांगले पोलाद लागले. पाते थोडे अरुंद झाले आहे, पण पेरू पुन्हा नीट चिरला जातो.