बोरोवोचा मिहायलोविच

बाटाच्या जोड्यांची ओळख नाहीं असें घर आपल्याकडे सांपडणें कठीण. ह्या चेकोस्लोव्हाकियांतील कंपनीनें कलकत्त्यानजीक बाटानगर वसविलें हें पुष्कळांस ठाऊक आहे; परंतु १९३१ सालीं तिनें युगोस्लाव्हियांत, डॅन्यूब नदीच्या कांठीं, बोरोवो येथेंहि असाच कारखाना काढून त्याच्याभोंवतीं कामगारांची वसाहत उभारली, हें फारसें कोणाच्या कानांवर आलेलें नसेल. वुकोवार शहरास लागून असलेल्या ह्या वसाहतींत सर्ब, क्रोएट, हंगेरियन असे नाना जातींचे लोक एकाच भोंग्यावर कामास जात आणि एकमेकांशीं सोयरिकीहि करीत. अशाच एका घरचा मुलगा सिनिशा मिहायलोविच. वडील बोग्दान हे सर्ब, मालमोटार चालवीत. आई विक्टोरिया ही क्रोएट. ती त्या जोड्यांच्या कारखान्यांत कामास होती. ह्या मुलानें पुढें फुटबॉलच्या खेळांत युरोपभर नांव मिळविलें, सात क्लबांतून तो खेळला, आणि खेळ सोडल्यावर प्रशिक्षक म्हणून आणखी कित्येक गांवें हिंडला. त्याची हकीकत आज वाचकांस सादर करावयाची, ती केवळ खेळाच्या आवडीनें नव्हे. आई एका पक्षाची व बाप दुसऱ्या पक्षाचा, आणि ते दोन पक्ष एकमेकांचे गळे कापावयास उठलेले, अशा वेळीं मुलानें कोठें उभें राहावें, हा प्रश्न त्याच्या सबंध आयुष्यांतून वाहतो.

सर्ब आणि क्रोएट ह्यांची भाषा जवळजवळ एकच. सर्ब ऑर्थोडॉक्स पंथाचे, क्रोएट कॅथॉलिक. सर्बांची परंपरागत लिपि सिरिलिक, क्रोएटांची रोमन. मार्शल टिटोच्या अमलांत हे भेद झांकून ठेवलेले होते. १९८० सालीं टिटो वारला व ते हळूहळू वर येऊं लागले. १९६९ च्या फेब्रुवारींत जन्मलेल्या सिनिशास बालपणीं त्याची वार्ताहि नव्हती. त्याला एकच वेड. घराच्या पत्र्याच्या दारावर तो तासन् तास डाव्या पायानें चेंडू आदळीत बसे. शेजारी त्या आवाजानें त्रासून जात. गांवच्या क्लबांतून निघून १९८८ सालीं तो नोवी सादच्या वोयवोदिना क्लबांत गेला, आणि पहिल्याच वर्षीं त्या क्लबानें देशाचें अजिंक्यपद मिळविलें. १९९० च्या डिसेंबरांत बेलग्रेडच्या रेड स्टार ह्या मातबर क्लबानें त्यास उचललें. त्या वेळीं तो डाव्या बाजूनें मधल्या फळींत खेळे. बचावाचा खेळाडू तो पुढें इटलींत झाला.

आतां १९९१ साल पाहूं. ह्या एका वर्षांत त्याला जें मिळालें आणि त्याचें जें गेलें, तें दुसऱ्या कोणास सबंध जन्मांतहि सोसलें नसतें. २४ एप्रिल रोजीं बेलग्रेड येथें युरोपीय चषकाच्या उपांत्य फेरींत बायर्न म्यूनिकशीं गांठ होती. सिनिशानें एक गोल फ्री किकनें केला. आणि सामना संपतां संपतां त्यानें आंत टाकलेला चेंडू प्रतिपक्षाच्या ऑगेनथालरच्या पायास लागून उंच उडाला व त्यांच्याच गोलांत पडला. रेड स्टार अंतिम फेरींत पोंचला. आठच दिवसांनीं, २ मे रोजीं, त्याच्या घराजवळच्या बोरोवो सेलो गांवांत चकमक होऊन बारा क्रोएट पोलीस मारले गेले. पुढल्याच आठवड्यांत, ८ मे रोजीं, युगोस्लाव्ह चषकाचा अंतिम सामना. रेड स्टारच्या समोर क्रोएशियांतील हायडुक स्प्लिट. हायडुकच्या बचावांत इगोर स्टिमॅक नांवाचा जवान होता. दोघांची मैदानांतच जुंपली व पंचानें दोघांसहि बाहेर घालविलें. आपल्या घरच्या माणसांच्या मरणाची इच्छा स्टिमॅकनें बोलून दाखविली, असें मिहायलोविच पुढें सांगत असे. आणि त्या एका वाक्याचें वैर त्यानें वीस वर्षांहून अधिक उरांत बाळगलें.

२९ मे रोजीं इटलींतील बारी येथें मार्सेयविरुद्ध अंतिम सामना गोलांवांचून संपला व निकाल पेनल्टींवर गेला. रेड स्टारचे पांचहि फटके जाळ्यांत गेले, चौथा सिनिशाचा. पहिला मारणारा प्रोसिनेचकी, ज्याचा बाप क्रोएट व आई सर्ब. शेवटचा मारणारा पांचेव हा मॅसिडोनियाचा. ज्या देशाच्या नांवानें हीं मंडळी एकत्र खेळत होतीं, त्या देशाचें आयुष्य त्या रात्रीं महिन्यांवर येऊन ठेपलें होतें.

उन्हाळ्यापासून वुकोवारला वेढा पडला व १८ नोव्हेंबर रोजीं तें पडलें. ८ डिसेंबर रोजीं रेड स्टारनें टोकियो येथें चिलीच्या कोलो-कोलोचा ३–० असा पाडाव करून जगांतील श्रेष्ठ क्लब ही पदवी घेतली. इकडे ज्या गांवीं सिनिशा वाढला तेथें धड भिंत म्हणून उरली नव्हती. त्याचें स्वतःचें घर तर त्यापूर्वींच गेलें होतें. आपल्या बालपणच्या एका क्रोएट मित्रानेंच येऊन आईबापांस निघून जावयास सांगितलें व नंतर घर उध्वस्त केलें, असें तो सांगे. तो मित्र पुढें भेटला तेव्हां कळलें कीं त्याच्यावर वरून सक्ति होती, आणि म्हाताऱ्यांस जिवंत बाहेर काढण्यास त्याला दुसरा मार्ग दिसला नव्हता.

ह्याहून अवघड गोष्ट मामाची. आईचा सख्खा भाऊ क्रोएट सैन्यांत होता. बहिणीनें त्याला फोन केला तेव्हां, तुझा सर्ब नवरा कापून काढावयाच्या लायकीचा, अशा अर्थाचें तो बोलला. पुढें तोच मामा अर्कान ह्या सर्ब टोळीनायकाच्या हातीं सांपडला. झडतींत भाच्याचा फोन नंबर निघाला, म्हणून अर्काननें सिनिशास फोन करून विचारलें, हा मनुष्य तुझा कोण? सिनिशानें मामाचे प्राण मागून घेतले, आणि त्याला आपल्या बेलग्रेडच्या घरीं आणून ठेवलें. बापाच्या मरणाची भाषा बोललेला मामा त्याच बापाच्या मुलाच्या घरीं पाहुणा! भाऊबंदकीचे खटले आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलों आहों; पण त्या घरांतल्या पंगतीची कल्पना करूं म्हटलें तरी मन धजत नाहीं.

१९९२ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळें युगोस्लाव्हियाचा संघ युरोपीय स्पर्धेंतून काढून टाकण्यांत आला. त्याच्या जागीं आयत्या वेळीं बोलावलेल्या डेन्मार्कनें ती स्पर्धा जिंकली, हा योगायोग प्रसिद्धच आहे. त्याच वर्षीं मिहायलोविच रोमास गेला. १९९४ सालीं सँपडोरियांत एरिकसन ह्या स्वीडिश प्रशिक्षकानें त्याला मागें खेंचून बचावाच्या मध्यभागीं उभें केलें, आणि ह्या जागीं त्याचा खेळ खरा फुलला. १९९८ सालीं तो लाझिओंत गेला. १९९९–२००० चें इटलीचें अजिंक्यपद त्यानें त्या क्लबाबरोबर मिळविलें. शेवटचीं दोन वर्षें इंटर मिलानमध्यें काढून २००६ सालीं त्यानें खेळ सोडला. राष्ट्रीय संघाकडून ६३ सामने, १० गोल.

त्याच्या कीर्तीचा पाया म्हणजे ती डाव्या पायाची फ्री किक. प्रतिपक्षाच्या आगळिकीबद्दल पंच जो मोकळा फटका देतो त्या वेळीं समोर दहा यार्डांवर खेळाडू खांद्यास खांदा लावून भिंतीसारखे उभे असतात. त्यांच्या डोक्यांवरून वा कडेनें चेंडू न्यावयाचा आणि गोलरक्षकाचा हात चुकवून जाळ्यांत घालावयाचा. चेंडूच्या मध्यावर न मारतां कडेला मारलें कीं तो स्वतःभोंवतीं फिरत जातो. दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबांत फरक पडतो व चेंडू वांकडी वाट धरतो. फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्प्यापूर्वींच हवेंत सरकतो, त्याचें कारण हेंच. मिहायलोविचचा विशेष हा कीं त्याच्या फटक्यांत वळण आणि जोर दोन्ही एकदम असत. एक साधलें म्हणजे दुसरें सहसा हातचें जातें. इटलीच्या पहिल्या श्रेणींत त्यानें असे २८ गोल केले. १३ डिसेंबर १९९८ रोजीं तर एकाच सामन्यांत तीन. आणि प्रतिपक्ष कोण, तर त्याचाच जुना क्लब सँपडोरिया! पत्र्याचें दार फुकट गेलें नाहीं.

त्याच्या दोषांवर पांघरूण घालणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. २००० सालीं आर्सेनलच्या व्हिएरा ह्या कृष्णवर्णीय खेळाडूस त्यानें वर्णावरून शिवी दिली. आधीं त्यानेंच मला जातीवरून हिणविलें, हें त्याचें म्हणणें, पण शिक्षा झाली व जाहीर माफीहि मागावी लागली. २००३ सालीं तो चेल्सीच्या मुटूवर थुंकला आणि आठ सामने बाहेर बसला. ह्याहून मोठा कलंक अर्कानचा. हेग येथील न्यायासनानें युद्धगुन्ह्यांचे आरोप ठेवलेला हा इसम जानेवारी २००० मध्यें बेलग्रेड येथें मारला गेला, तेव्हां मिहायलोविचनें वृत्तपत्रांत शोकप्रदर्शन छापविलें, आणि वर्षें लोटल्यावरहि त्याचें समर्थनच केलें; आपण मित्रासाठीं शोक केला, त्याच्या कृत्यांसाठीं नव्हे, असें तो म्हणे. मामाचा जीव वांचविणाऱ्याचे उपकार मनांत ठेवावे हें आम्ही समजूं शकतों. पण ज्या शेंकडों घरांतले मामा त्याच्या टोळीच्या हातून सुटले नाहींत, त्यांनीं ती जाहिरात कोणत्या डोळ्यांनीं वाचली असेल?

प्रशिक्षक म्हणून तो बोलोन्या, कातानिया, फ्लॉरेन्स, सँपडोरिया, मिलान, ट्यूरिन असा हिंडला. लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबानें तर २०१८ सालीं त्याला नऊ दिवसांतच निरोप दिला. मोठीं पारितोषिकें त्याच्या हातीं आलीं नाहींत. परंतु २५ ऑक्टोबर २०१५ रोजीं मिलानच्या गोलांत त्यानें डोनारुम्मा नांवाचा अवघा सोळा वर्षांचा पोर उभा केला. तोच मुलगा २०२१ सालीं इटलीनें युरोपीय अजिंक्यपद जिंकलें तेव्हां स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मधल्या काळांत, २०१२ सालीं, त्याजकडे सर्बियाचा राष्ट्रीय संघ आला. ल्यायिच नांवाच्या खेळाडूनें राष्ट्रगीत म्हटलें नाहीं म्हणून त्यानें त्यास संघाबाहेर काढलें. ज्याच्या स्वतःच्या घरांत दोन राष्ट्रें नांदलीं, त्यानें ह्या बाबतींत इतकें कठोर व्हावें, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें. कदाचित् घर गेलेल्या माणसासच अशा गोष्टींचा आग्रह अधिक असावा. मार्च २०१३ मध्यें झाग्रेब येथें क्रोएशियाशीं सामना पडला. क्रोएशियाचा प्रशिक्षक कोण? तोच स्टिमॅक! दंग्याच्या भीतीनें पाहुण्या प्रेक्षकांस बंदी होती. क्रोएशिया २–० असा जिंकला. पण बावीस वर्षांपूर्वीं एकमेकांच्या अंगावर धांवून गेलेल्या त्या दोघांनीं हस्तांदोलन केलें. हाच स्टिमॅक २०१९ पासून २०२४ पर्यंत आपल्या हिंदी संघाचा प्रशिक्षक होता, हें क्रीडाप्रेमी वाचकांस आठवत असेलच.

२०१९ च्या जानेवारींत बोलोन्यानें त्याला पुन्हां बोलावलें आणि बुडत असलेला संघ त्यानें तारला. जुलैंत त्यानें स्वतःच वार्ताहरांस बोलावून सांगितलें कीं आपणांस रक्ताचा कर्करोग झाला आहे. डोळ्यांत पाणी आलें, पण तें भीतीचें नव्हे असें तो म्हणाला. पहिला औषधोपचार पुरा होतो न होतो तोंच २५ ऑगस्ट रोजीं, वजन उतरलेलें, तोंडावर पट्टी, अशा स्थितींत तो व्हेरोना येथें संघाच्या बांकावर येऊन बसला. सप्टेंबरांत ब्रेशियाविरुद्ध ४–३ असा सामना जिंकून खेळाडूंची बस घरीं न जातां थेट रुग्णालयाकडे वळली, व मंडळींनीं त्याच्या खिडकीखालीं उभें राहून गाणीं म्हटलीं. शहरांतील लोक सान लूकाच्या डोंगरावरील देवळापर्यंत त्याच्यासाठीं पायीं गेले. ऑक्टोबरांत अस्थिमज्जेचें रोपण झालें. दोन वर्षें बरीं गेलीं. मार्च २०२२ मध्यें रोग उलटल्याचें त्यानें जाहीर केलें. एप्रिलांत इंटरचा पराभव करून संघ पुन्हां त्याच खिडकीखालीं आला. सप्टेंबरांत मात्र, सामने जिंकले जात नाहींत म्हणून, क्लबानें त्याला कामावरून दूर केलें. १६ डिसेंबर २०२२ रोजीं, वयाच्या ५३ व्या वर्षीं, मिहायलोविच रोम येथें वारला.