हिमाचे अंतरंग

हिवाळ्यात काश्मीरची सहल करून आलेल्या मंडळींकडून गुलमर्गचे वर्णन आपण पुष्कळदा ऐकतो. गोंडोला नावाचा तेथील रज्जुमार्ग प्रवाशांना अफरवट पर्वताच्या माथ्याजवळ, सुमारे ३,९०० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. बहुतेक मंडळी छायाचित्रे काढून त्याच पाळण्यातून परततात. पायांत स्की बांधलेले काही साहसी जन मात्र आखलेली वाट सोडून अस्पर्श हिमाच्या उतारांकडे वळतात. अशाच उतारांवर हिमलोट कोसळून १ फेब्रुवारी २०२३ रोजी दोन पोलिश आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन स्कीपटू मृत्युमुखी पडला. हा धोका आधी ओळखता येतो काय, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

वरून एकजीव दिसणारे हिम वस्तुतः थराथरांचे असते. प्रत्येक हिमवर्षावाचा, प्रत्येक वादळाचा, प्रत्येक उन्हाचा एकेक थर. जमिनीलगतचे हिम शून्य अंशाच्या आसपास राहते. वरची हवा मात्र कमालीची थंड असते. थर पातळ आणि थंडी कडक असली, म्हणजे खालून वर जाणाऱ्या बाष्पामुळे तळाशी जाड साखरेसारखे रवाळ, सुटे स्फटिक तयार होतात. त्यांवर पुढे वाऱ्याने दाबून बसविलेला घट्ट थर साचतो. फरशीवर मोहरी सांडावी, तीवर पाट ठेवावा आणि पाटावर पाय द्यावा, तशी ही स्थिती! बहुसंख्य प्राणघातक अपघातांत हिमलोटाला चालना देणारा भार स्वतः त्या स्कीपटूचा किंवा त्याच्या सोबत्याचाच असतो.

जाणकार प्रथम उतार मोजतो. ३० ते ४५ अंशांचा, म्हणजे घरातल्या जिन्याइतका किंवा त्याहून उभा उतार सर्वांत घातक. मग तो गेल्या एक-दोन दिवसांतील नवे हिम, वाऱ्याची दिशा आणि एकाएकी वाढलेली उष्णता यांचा हिशेब मांडतो. शेजारच्या उतारावर ताजा हिमलोट दिसला, हिमाला तडे जाऊ लागले किंवा पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला, तर निसर्गाने उत्तर दिलेच म्हणून समजावे.

शंका उरली तर हिमात खड्डा खणतात. त्याच्या भिंतीतून ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा खांब कापून मोकळा करतात, त्यावर फावड्याचे पाते ठेवतात आणि दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून मारतात. कितव्या थापेला, कोणत्या थरावर आणि किती स्वच्छपणे खांब घसरला, याची नोंद होते.

या परीक्षेची मर्यादा मात्र ध्यानी ठेवली पाहिजे. खड्डा एका जागेचे सांगतो. पन्नास पावलांवर थर निराळे असू शकतात. म्हणून खांब सहज घसरला तर परतावे. तो टिकला एवढ्यावरून उतार निर्धोक ठरत नाही. युरोपात हिमलोटाच्या धोक्याच्या पाच श्रेणी मानतात. स्वित्झर्लंडमध्ये सर्वाधिक मृत्यू पाचव्या नव्हे, तर तिसऱ्या श्रेणीच्या दिवसांत होतात. पाचव्या श्रेणीत लोक घरीच राहतात. तिसऱ्या श्रेणीत मोह होतो.

उतरायचेच ठरले, तर एका वेळी एकानेच उतरावे आणि इतरांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी. प्रत्येकाजवळ संदेशक यंत्र, शोधकाठी आणि फावडे असलेच पाहिजे. पूर्ण गाडलेल्यांना पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले तर बहुतेक वाचतात. अर्धा तास उलटला की वाचणारे निम्म्याहूनही कमी. बाहेरची मदत एवढ्यात पोहोचणे कठीण. सोबतीच खरे तारणहार.

आपल्या देशात या शास्त्राच्या अभ्यासासाठी १९६९ साली मनाली येथे संरक्षण खात्याची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये ती चंडीगढच्या एका नव्या संस्थेत सामावली गेली. शास्त्र वाढले, यंत्रे आली. तरी उताराच्या तोंडाशी उभे राहून निर्णय घ्यावा लागतो तो माणसालाच. तेथवर पोहोचायला पैसा आणि रजा खर्ची पडलेली असते, सोबत्यांचा उत्साह ओसंडत असतो. अशा वेळी ‘आज नको’ हे शब्द ओठांवर येणे अवघड.

आपल्या घरांतील मुले-मुलीही आता हिमालयात स्की शिकायला जाऊ लागली आहेत. त्यांपैकी कोणी उतार न उतरताच परत आले, तर त्याची थट्टा न करता त्याने तेथे काय पाहिले ते आस्थेने विचारावे, एवढीच आमची वाचकांना विनंती.